जिभेवरचा खडा

बाबांच्या दुकानात कच्चे खडे विकायला लागून मला पंधराच दिवस झाले होते. त्या दिवशीही त्यांनी पैलू न पाडलेला एक हिरवा खडा गिऱ्हाईक बाईंच्या देखत जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "गार आहे, अस्सल. काच असती तर लगेच कोमट झाली असती." मग खडा बाहीला पुसून त्यांच्यापुढे केला. बाईंनी हात मागे घेतला आणि मला हळूच विचारलं, "हे कोण?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कामाला आहेत," मी म्हणाले.

बाबांनी ते ऐकलं. "नवीनच लागलोय," ते अदबीने म्हणाले. "ताई फार कडक आहेत हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

महिन्याभराने मी एकटीने दुकान उघडलं. टेबलावर पाण्याची वाटी, भिंग, पांढरा रुमाल, सगळं कसं नीटनेटकं. पहिल्या आल्या त्या त्याच बाई. "तो हिरवा खडा बाटलीची काच तर नाही ना?" मी तो वाटीत बुडवला, भिंगाखाली धरला, उजेडात फिरवला. काही म्हणता काही कळेना. बाई पर्स उचलून निघाल्या, तसा मी खडा सरळ जिभेवर ठेवला.

"गार आहे. अस्सल."

"अगं बाई, त्या नव्या माणसाची सवय तुम्हालाही लागली की! काढून टाकलंत ना त्यांना?"

मी खडा बाहीला पुसला.

"ते माझे बाबा होते."