हलक्या हाताने

काचेच्या नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते आधी केशरी झालं आणि बघता बघता लालभडक. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लाल ते लालच.

नळी धुऊन त्यांनी माशांच्या टाकीतलं खारं पाणी पुन्हा घेतलं. पहिल्या बाटलीचे दहा थेंब. दुसरी बाटली अर्धा मिनिट दणकून हलवली आणि तिचे दहा. मग पाच मिनिटं थांबायचं असतं, पण तेवढं थांबावंच लागलं नाही. रंगपट्टीवरचा सगळ्यात शेवटचा रंग आला. नायट्रेट, म्हणजे माशांच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या खाण्यातून पाण्यात साचत जाणारी घाण, पट्टीवर मोजता येईल तेवढी सगळी होती.

गेले सात महिने हीच चाचणी दर रविवारी पिवळी येत होती, कारण नाना दुसरी बाटली हलवतच नव्हते. म्हणजे हलवत होते, पण रक्ताच्या नळीसारखी. दोन बोटांत धरून हळूच उलटी, हळूच सुलटी. चौतीस वर्षं त्यांनी लॅबमध्ये रक्त तपासलं होतं. जोरात हलवलं की रक्त नासतं, हे नव्या पोरांना शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले. या बाटलीतलं निम्मं औषध मात्र तळाशी बसतं आणि दणके दिल्याशिवाय वर येत नाही. काल माशांच्या दुकानदाराने सहज विचारलं, दुसरी जोरात हलवता ना काका? नाना म्हणाले, अर्थात. घरी येऊन त्यांनी बाटली वाचली. तसं लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात, पण होतं. जन्मभर दुसऱ्यांना लेबल वाचायला लावणाऱ्या माणसाच्या दिव्याखालीच अंधार.

एवढंच असतं तर नाना चार दिवस चरफडले असते आणि विसरले असते. पण निळू मेला होता, त्याला आज आठ दिवस झाले.

निळू हे निळ्या माशाचं नाव सुनेने ठेवलेलं. माशांना खायला घालणं तिच्याकडे होतं आणि ती ते नेमकं करायची. बर्फातली बारीक कोळंबी वितळवायची, चहाच्या गाळणीत धुवायची आणि दोन मिनिटांत संपेल इतकीच घालायची, दिवसातून दोनदा. मासे मलूल दिसायला लागले तेव्हा नानांनी निदान केलं. पाणी चोख आहे, रिपोर्ट समोर आहे, म्हणजे खाण्यातच कमी पडतंय. चिमूटभर काय घालतेस, हात सैल सोड जरा. आणि धुऊ नकोस, सगळी ताकद त्या पाण्यात जाते. सून ऐकत गेली. दोनदाचं चारदा झालं, पाणी आणखी नासलं. निळू तरंगताना सापडला त्या दिवशी जेवताना सगळ्यांसमोर नाना म्हणाले होते, "घरात खायला घालणारं माणूस असून मासा उपाशी मेला."

सून त्या दिवशी न जेवताच उठली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी सुनावणाराच चोर. नानांना आता खुर्चीत नीट बसवेना.

तेवढ्यात ती कोळंबीची वाटी घेऊन आली. उरलेला पिवळा मासा टाकीच्या कोपऱ्यात धापा टाकत होता. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग नळीकडे. सात महिन्यांत तिलाही रंग कळायला लागले होते.

"लाल आलंय," ती म्हणाली. मग अगदी हळू, "मी जास्त घातलं ना?"

नाही म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण नानांच्या मनात आलं, हो म्हटलं तरी कुठे खोटं आहे? जास्त तर तिनेच घातलं. बायको मानेल, मुलगा मानेल, चौतीस वर्षांचं नाव जागच्या जागी राहील. या हिशेबात किती वेळ गेला ते त्यांना कळलं नाही. समोर सुनेचे डोळे भरून आले आणि तिने ते मनगटाने पुसले.

तेव्हा नानांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. बाटली, लेबल, दुकानदार, सगळं. आपण कशी हलवत होतो तेसुद्धा करून दाखवलं. "तुझं पहिल्यापासून बरोबर होतं. निळूला मी मारलं," ते म्हणाले.

सून ऐकत राहिली. हळूहळू तिचा चेहरा निवळला, आणि नानांना वाटलं, सुटलो.

"नाना, मला बरं वाटावं म्हणून कशाला खोटं बोलता?" ती म्हणाली. "तसं असतं तर मी विचारल्यावर लगेच नसतं का सांगितलंत? इतका वेळ विचार करत होतात."

अगं खरंच, असं ते तीनदा म्हणाले. प्रत्येक वेळी ते त्यांनाच जास्त खोटं वाटलं. तिने वाटी त्यांच्या हातात दिली. यापुढे तुम्हीच घाला, माझा हात नको यांना, म्हणाली आणि आत गेली.

आत ती सासूला सगळं सांगत होती, नानांनी माझी चूक कशी स्वतःवर घेतली ते. नाना वाटी धरून उभे होते. मग बायकोचा आवाज आला, कौतुकाचा.

"उगाच का लोक डोळे मिटून त्यांचा रिपोर्ट घ्यायचे?"