मेलेल्या पेशींचा फोटो

पेशी मेल्या होत्या. अनघाने मायक्रोस्कोपवरून डोळे उचलले, पुसले आणि पुन्हा लावले. कालपर्यंत डिशच्या तळाला घट्ट चिकटून बसलेल्या पेशी आज आक्रसून, सुटून, वर तरंगत होत्या. शेजारच्या डिशमधल्या निरोगी पेशी मात्र शाबूत होत्या. मेलेल्या पेशी कुणा अनोळखी रुग्णाच्या नव्हत्या, तिच्या बाबांच्या पोटातल्या गाठीच्या होत्या. प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या हातापाया पडून तिने हे काम मागून घेतलं होतं.

पेशीला दुप्पट व्हायचं तर आधी आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. ती नक्कल सुरू करून देणारं एक जनुक असतं. निरोगी पेशीचं त्याच्यावाचून थोडे दिवस भागतं. बाबांच्या गाठीचं मात्र त्याच्याशिवाय पानही हलत नव्हतं. ते जनुक दाबणारं औषध अनघा कित्येक महिने देऊन बघत होती. पेशी थोड्या मरगळायच्या आणि पुन्हा तरारून उठायच्या. या खेपेला तिने आधी जनुक दाबलं आणि मग वरून केमोचं जुनं औषध दिलं. हा दुहेरी मार त्यांना सोसला नाही.

"आज बाबांचा होकार आण," त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "मी लगेच त्यांना या औषधाच्या चाचणीत घेते. एकदा विमानात बसले की माझ्या हातात काही उरणार नाही."

डिशमध्ये पेशी मेल्या म्हणजे माणूस वाचला असं नव्हे, हे अनघाला कळत होतं. पण बंद दार पहिल्यांदाच किलकिलं झालं होतं, आणि बाबा आज संध्याकाळच्या विमानाने गावी, गुहागरला निघाले होते. मरायचं तर आपल्या घरी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सिंगापूरच्या टॅम्पिनीस स्टेशनवर मेट्रोतून उतरून ती भर दुपारी धावत सुटली. धावताना तिला एकाच गोष्टीची धास्ती वाटत होती: आजचं खरं बाबांना वेगळं वाटेल का? रोज घरी आली की बाबा विचारायचे, "काय गं, आज किती मेल्या?" ती हसून सांगायची, "बऱ्याच मेल्या, बाबा." एकही मेलेली नसायची. जहाजांची इंजिनं सांभाळण्यात जन्म गेलेला माणूस, तो पुरावा मागणारच. मग ती दुसऱ्याच कुठल्या प्रयोगातल्या मेलेल्या पेशींचे फोटो दाखवायची. पाप तर पाप, पण तेवढ्या थापेवर बाबा दोन घास जास्त जेवायचे.

आईने दार उघडलं. बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या आणि बाबा बूट घालून खुर्चीत बसले होते.

"बाबा, मेल्या!" तिला धड श्वास घेता येईना. "आज खरंच मेल्या, सगळ्या. डॉक्टर औषध सुरू करायला तयार आहेत. तुम्ही फक्त हो म्हणा."

तिने फोन पुढे धरला. बाबांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला.

"असाच तर असतो तुझा फोटो."

"ते दुसऱ्यांचे होते, बाबा. मी खोटं बोलत होते. हा तुमचा आहे."

"खोटं बोलत होतीस ते ठाऊक आहे गं मला. पोटावर हात ठेवला की गाठ कुठवर आली ते कळतं."

"मग रोज विचारायचात कशाला?"

"दिवसभर खपून यायचीस. ते सांगताना तुझा चेहरा जरा उजळायचा."

अनघा त्यांच्या पायाशी बसली. आपण बाबांना धीर देतोय, या समजुतीवर ती आजवर तग धरून होती.

"डॉक्टरांना फोन लावते. त्यांच्याच तोंडून ऐका."

"त्या बाईंनाही तूच गळ घातली असशील. नको आता सुया आणि नळ्या. मला समुद्र बघू दे."

"शपथ घेऊन सांगते, बाबा. तुमच्या गळ्याशपथ!" तिने त्यांचे पाय धरले. इतक्या महिन्यांत बाबांसमोर ती एकदाही रडली नव्हती. आज तिला हुंदका आवरेना. "आज खरं आहे हो. खरं आहे."

बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांचेही डोळे भरून आले होते.

"उगी, पोरी. जोवर हसत खोटं सांगायचीस, तोवर मलाही थोडी आशा होती. आता तुला तेही जमेना." त्यांनी आईकडे मान वळवली. "शैला, टॅक्सी बोलाव."