दत्तारामची शेवटची शर्यत

तीस वर्षं दत्ताराम परबाने जत्रेजत्रेतल्या शर्यतींत घोडे पळवले. दोनदा बरगड्या मोडल्या, एकदा मनगट. शर्यतीच्या दिवशी त्याची बायको रत्नप्रभा भांडुपच्या खोलीत दार लावून देवापुढे बसून राहायची. तिने एकही शर्यत पाहिली नव्हती.

चौपन्न साली, पन्नाशी उलटल्यावर, तो तिला म्हणाला, "मुलुंडच्या माळावर एक शेवटची शर्यत धावतो. मग घोड्यावर बसणार नाही, तुझी शपथ. पण तू बघायला यायचं."

ती आली आणि डोळ्यांवर पदर धरून दोरीपाशी उभी राहिली. घोडे सुटले. टापांचा आवाज जवळ आला तसा पदर कधी खाली आला ते तिलाच कळलं नाही. दत्ताराम घोडीच्या मानेवर ओणवा झाला होता आणि चक्क हसत होता. इतकं मोकळं हसताना तिने त्याला घरी कधी पाहिलं नव्हतं. चपला तिथेच टाकून ती दोरीच्या कडेने धावत सुटली. "अहो, पळवा! पळवा ना!"

घोडी मानभर मागे राहून दुसरी आली.

धुळीने माखलेला दत्ताराम खाली उतरून तिच्याजवळ आला. "सुटलीस गं," तो म्हणाला. "उद्यापासून मी घरीच."

रत्नप्रभा अजून धापा टाकत होती. तिचा अंबाडा सुटून पाठीवर आला होता.

"दुसरा नंबर घेऊन कोण घरी बसतं?" ती म्हणाली. "पुढची शर्यत कुठे आहे ते विचारून या आधी. मी येणार."