चाळीस फुटी यॉट, कॅप्टनसकट

"बोट पसंत आहे. आता चालवणार कोण, ते सांगा," म्हातारा म्हणाला.

बुकिंगवालीला याच प्रश्नाची धास्ती होती. सकाळपासून तिने त्या नवरा-बायकोला धक्क्याला लागलेली चाळीस फुटी यॉट आतून-बाहेरून दाखवली होती. सात दिवस, पाच बेटं, झोपायला दोन खोल्या, शिडं नवी कोरी. म्हाताऱ्याने प्रत्येक फळीवर हात फिरवला, बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. बायकोने बिछान्यावर बसून पाहिलं. आता तिघं ऑफिसात टेबलाशी होती. बुकिंग म्हाताऱ्याने आपल्या दुकानाच्या नावाने करायला सांगितलं होतं. अर्ज जवळपास भरून झाला होता, राहिली होती सही.

"आमची एक कॅप्टन आहे, काका. धक्क्यावर सगळे तिला बुटकी म्हणतात, पण कामाला..."

"बाई आहे?"

"बाई आहे."

म्हाताऱ्याने पेन खाली ठेवलं.

गेल्या पंधरवड्यात तीन गिऱ्हाइकं एवढ्यावरच उठून गेली होती. मालकाने कालच निर्वाणीचं सांगितलं होतं. आज संध्याकाळपर्यंत बुटकीच्या नावावर बुकिंग आलं नाही, तर यॉट दुसऱ्याच्या हातात जाणार आणि बुटकी परत पाण्याचे कॅन पोचवणाऱ्या लाँचवर. पाच वर्षं त्या लाँचवर घासून पोरगी इथवर आली होती. बुकिंगवालीने ठरवलं, या म्हाताऱ्याला खुर्चीतून उठू द्यायचं नाही.

"वय काय तिचं?"

"अठ्ठावीस."

"म्हणजे कालची पोर. वारा सुटला की रडत बसेल."

"गेल्या वर्षी सुटला होता ना वारा. भर दुपारी अंधारून आलं. दोन मोठ्या बोटी शेपूट घालून परत आल्या. ही मात्र लाँच घेऊन उलट बाहेर गेली, कारण खडकापाशी एक कुटुंब अडकलं होतं. पाच माणसं, पाचही आणली. वर आल्यावर मला विचारते, चहा उरलाय का."

म्हाताऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. "आंधळ्याचाही लागतो एखादा नेम."

"एखादा लागतो, काका. शिडाची बोट चालवायच्या परीक्षेला एकवीस पुरुष होते आणि ही. पहिली आली."

"कोण पहिली?"

"ही. दुसरं कोण?"

"परीक्षेत पोपटही पास होतात. प्रत्यक्ष कामाचं बोला."

असा नाठाळ माणूस तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. दोन पावलं पुढे आला की चार मागे जायचा, आणि उठतही नव्हता. ती हट्टाला पेटली. मागच्या पावसाळ्यात मेकॅनिकने धडधाकट म्हणून पास केलेली बोट बुटकीने कशी अडवली, ते तिने सांगितलं. तळाच्या फळ्यांना कान लावून लावून बुटकी म्हणाली होती, ही बाहेर काढायची नाही, आतून कुजलीय. मेकॅनिक हसला होता. फळी उघडली तर हाताचं बोट आरपार गेलं. तेव्हापासून तो मेकॅनिक तिला विचारल्याशिवाय कागदावर सही करत नाही.

बुटकी तिच्या ना नात्यातली ना गोत्यातली, पण सांगता सांगता बुकिंगवालीच्याच अंगावर मूठभर मांस चढत होतं.

"हे कुठे शिकली म्हणे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"सांगत नाही. घरचा विषय निघाला की तोंडाला कुलूप."

इतका वेळ गप्प बसलेली बायको म्हणाली, "एकटीच राहते का?"

"तुला काय करायचंय?" म्हातारा खेकसला.

"सात दिवस आपल्याबरोबर राहायची. जेवते-खाते काय, ते नको कळायला?"

"काहीही चालतं तिला, काकू. एकटीच राहते. अपघात झाला तर कोणाला कळवायचं, तो रकाना तिने तीन वर्षं कोरा ठेवला होता. मी भांडले तेव्हा कुठे एक नंबर लिहिला. नाव नाही, नातं नाही. वर मला म्हणते, बुडाले तरच लावायचा."

बायकोने चष्मा काढला आणि रुमालाने पुसत बसली.

"उर्मट दिसतेय," म्हातारा म्हणाला.

"आहे. पण माझी लेक असती, तर मी गावभर मिरवलं असतं."

म्हाताऱ्याने पेन उचललं, तीनदा टोपण लावलं आणि काढलं. "तुम्ही एवढं म्हणताय, म्हणून. काही वाकडं झालं तर तुमच्या नावाने बोंब मारीन."

"खुशाल मारा."

त्याने सही केली. बुकिंगवालीचा जीव भांड्यात पडला. फोन उचलून मालकाला कळवायला तिचे हात शिवशिवत होते.

"शेवटचा रकाना राहिला, काका. घरचा नंबर."

"घरी कोण असणार, आम्ही दोघं बोटीवर. दुकानाचा देतो. थोरला मुलगा असतो तिथे." त्याने एकेक आकडा सावकाश लिहिला.

दारापर्यंत जाऊन तो थांबला. "मी कुरकुर केली, हे त्या पोरीला सांगू नका. सात दिवस आमचा जीव तिच्या हातात आहे."

"नाही सांगत."

"आणि ते खडकापाशीचं... हिला जरा कमी ऐकू येतं. पुन्हा एकदा सांगता का?"

बुकिंगवालीने हसत हसत पुन्हा सांगितलं, अंधारून आलं तिथपासून चहापर्यंत. दोघं दारात उभी राहून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत होती. मग म्हाताऱ्याने बायकोचा हात धरला आणि दोघं पायऱ्या उतरून गेली.

बुकिंगवालीने आधी मालकाला फोन केला आणि चार शब्द जास्तच सुनावले. मग तिने बुटकीची फाइल काढली. गिऱ्हाइकाचा अर्ज कॅप्टनच्या कागदामागे लावायची ऑफिसची पद्धत होती. तिने दोन्ही कागद कडेला कड जुळवून धरले, पिन लावायला घेतली आणि थांबली.

दोन्ही कागदांच्या शेवटच्या रकान्यात एकच नंबर होता.