नात्याचा रकाना

"काका, असे जवळ बसा. तुम्हनं नाव बी निंघी यामां," भावेश म्हणाला आणि झेरॉक्सचा मोठा कागद त्यानं ओसरीवरच्या खाटेवर पसरला.

मोतीलाल बसला, पण कागदापासून हातभर लांब. थोरल्या भावाच्या, गोपालच्या, या मुलाला सुरतेत राहून वंशावळीचं खूळ लागलं होतं. नवी शिरगणती तोंडावर आली तसं ते खूळ जुन्या शिरगणतीवर जाऊन बसलं. कळसाडीच्या जुन्या पोलीस पाटलाच्या पेटीत एकावन्न सालची नक्कल निघाली, आणि गडी ती घेऊन सकाळच्या गाडीनं हजर. गोपाल असता तर म्हणाला असता, मेलेल्यांची डोकी कशाला मोजतोस. पण गोपाल जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

सून सीमा चहाच्या कपबशा तशाच टाकून बाहेर आली. नात दिपाली कागदावर ओणवी झाली. भिंतीला टेकून मोतीलालची मोठी बहीण सुगंधाबाई तुरीच्या शेंगा सोलत होती.

"हाई शेवटना रकाना कसाना शे?" दिपालीनं विचारलं.

"नाताना. घरना मोठासंगे काय नातं, ते लिखेल शे."

मोतीलाल खाटेच्या कडेला सरकला.

प्रकाशा गावच्या यात्रेत कुणीतरी सोडून गेलेलं दोन वर्षांचं पोर होता तो. दगूबाईनं त्याला उचलून घरी आणलं, नाव ठेवलं, नवऱ्याच्या मांडीवर दिलं. हे त्याला कळत्या वयात गावातल्या एका म्हातारीनं भांडणात ऐकवलं. घरात कुणी कधी ब्र काढला नाही आणि त्यानंही विचारलं नाही. आता हे जाणणारी एक सुगंधाबाई उरली होती. मायनं आयुष्यभर माया केली, त्यात खोट नव्हती. पण सरकारी माणूस वही उघडून दारात बसला, तेव्हा तिनं आपल्याला काय म्हणून सांगितलं असेल? मुलगा, की पाळलेला?

आणि एक आठवण होती. लहानपणी एकदा टोपीवाला माणूस घरी आला, तेव्हा मायनं त्याला उचलून धान्याच्या कणगीत उतरवलं आणि वर टोपलं झाकलं. आत काळोख आणि ज्वारीचा वास. चोरीचा माल लपवतात तसं आपल्याला लपवलं, असंच त्याला पुढे वाटत आलं.

भावेश बोट फिरवत वाचू लागला. "दोधू, कर्ता. दगूबाई, बायको. सुगंधा, मुलगी."

मोतीलाल नकळत कागदाकडे झुकला.

"जान्या, सालदार. रूपली, सालदाराची बायको." बोट थांबलं. "बस. पुढलं घर लागनं."

म्हणजे पाळलेला म्हणूनसुद्धा नाही. वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार मोजला, सालदाराची बायको मोजली, आणि आपण कणगीत.

"मन्हा आजोबानं नावच नही शे?" दिपाली त्याच्याकडे पाहत म्हणाली. त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

"थांब." भावेशनं कागद उजेडाकडे वळवला. "मन्हा बाबानं बी नही शे. सहा वरीसना व्हतात तवय." तो चिडलाच. "दोन पोरं खाई गया लिखनारा."

"लिखनाराले कसाले बोलस?" सुगंधाबाई म्हणाली. तिचे हात चालूच होते. "मायनीच सांगं नही. गोपालना आगे दोन भाऊ व्हईसन गयथात. लेकरं मोजू नही, नजर लागस, म्हने ती. टोपीवाला वट्टावर बसना, आनि तिनी लगेच दपाडं."

"कोनले दपाडं, जिजी?" मोतीलालनं विचारलं.

सुगंधाबाईनं मान वर केली. ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो काय विचारतो आहे हे त्या ओसरीवर तिला एकटीलाच कळलं होतं.

"कोनले म्हनजे? दोन्हीसले," ती म्हणाली. "गोपालले गोठामां, कडबाखाले. तुले कणगीमां. पह्यले तुले उतारं, मंग त्याले लई पळनी."

"आनि जान्याले मोजू दिन्हं?" भावेशला मजा वाटली.

"त्याले मोजं ते तिन्हं काय जास? जे आपलं ऱ्हास, त्यानीच भीती."

सीमा हसली, दिपालीही हसली. इतक्या वर्षांचं ओझं मोतीलालच्या उरावरून असं एका वाक्यात उतरलं. डोळे भरून आले तसं त्यानं उपरण्यानं नाक पुसायचं निमित्त केलं.

"मंग फुई, तुले कसं मोजू दिन्हं?" भावेश हसत हसतच आत्याला म्हणाला.

"मी पोरगी ना. माले कोनी नजर लागस?"

आणि तिनं सुपातली पुढची शेंग घेतली.

हसणं आपोआप थांबलं. मोतीलालनं कागद हातात घेतला. मुलगी आणि सालदार यांच्या मधे, जिथे त्याचं नाव नव्हतं, ती जागा त्यानं मन भरेपर्यंत पाहिली. मग त्याचं बोट वरच्या ओळीवर गेलं, 'सुगंधा, मुलगी', आणि तिथून ते उचलायचा त्याला धीर होईना.