शेजारचा श्वास

आईचं घर विकल्यापासून थेक्ला धाकट्या बहिणीशी, गेझीनाशी, बोलत नव्हती. पण जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या त्यांच्या चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायका दोघीच, म्हणून गुड फ्रायडेला येशूच्या मरणाचं तीनशे वर्षं जुनं गाणं गाताना उभं राहायचं शेजारीशेजारीच. नियम साधा: लांब सुरावर दोघींनी एकदम श्वास घ्यायचा नाही, नाहीतर सूर तुटतो. म्हणजे जिचं तोंड बघायचं नाही, तिचा श्वास ऐकत राहा. गाण्यात येशूला थडग्यात ठेवतात तिथे गेझीनाचा दम संपला. हिवाळ्यात तिच्या फुप्फुसाचं ऑपरेशन झालेलं, थेक्ला बघायलाही गेली नव्हती. आता श्वासाची पाळी थेक्लाची. तिने घेतलाच नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी गेझीना सावरेपर्यंत सूर सोडला नाही. गाणं संपलं. गुड फ्रायडेला टाळ्या वाजवत नाहीत. शांततेत गेझीना पुटपुटली, "मेली असतीस की, म्हातारे." "गप. टाके दुखतात का अजून?"