पंच नसलेला खेळ

"काकू, किचनमधून बाहेर या," कोच ओरडला, तशी ती दचकून मागे सरली.

नेटजवळच्या पट्ट्याला पिकलबॉलमध्ये किचन म्हणतात आणि तिथे उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नसतो, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, किचनमधून बाहेर या असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. तिला हसू आलं. लगेच, आपण हसलो याचंच वाईट वाटलं.

तिने मान वर करून दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीकडे पाहिलं. पडद्याआडचं काही दिसत नव्हतं. आत नवरा टीव्हीसमोर चाकाच्या खुर्चीत बसलेला असणार. अर्धांगवायूच्या झटक्यात त्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. शब्द परत येतील किंवा येणारही नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. ती मात्र त्याला "गुडघ्यांच्या व्यायामाला दवाखान्यात जाते" असं सांगून रोज खाली उतरत होती. निघताना टीव्हीचा आवाज वाढवायची, म्हणजे चेंडूची टकटक वर ऐकू जाऊ नये. चोराच्या मनात चांदणं.

शिकायला लागल्यापासून ती एकदाही जिंकली नव्हती. आज जोडीला इमारतीतला दंतवैद्य होता आणि जिंकायला एकच गुण हवा होता. समोरच्या जोडीतल्या मुख्याध्यापिका बाईंनी लांबवर फटका मारला. चेंडू तिच्या डोक्यावरून गेला आणि मागे टप्पा पडला. पांढऱ्या रेषेवर. तिने तो नीट पाहिला.

या खेळाला पंच नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडेल त्यानेच आत की बाहेर ते सांगायचं आणि समोरच्याने मान्य करायचं, अशी रीत आहे. रेषेवर पडलेला चेंडू आतच धरतात.

"बाहेर," ती म्हणाली.

"नक्की?" बाईंनी विचारलं.

"नक्की."

"मग बाहेर. जिंकलात हो तुम्ही."

चौघांनी नेटजवळ येऊन पॅडलला पॅडल, म्हणजे बॅटीला बॅट टेकवली. दंतवैद्य पार्टी मागत होता. तिला बाईंच्या डोळ्यांकडे बघवेना.

जिन्यात तिने पॅडल पिशवीत टॉवेलखाली दडपलं आणि घाम पुसला. एक खोटं पचत नव्हतं, त्यात आज दुसऱ्याची भर. आणि तरीही जिंकल्याचा आनंद काही केल्या जाईना, याची तिला जास्तच लाज वाटली.

दार उघडलं तर टीव्ही बंद. त्याच्या सोबतीला थांबणाऱ्या शेजारच्या वहिनी चप्पल घालत होत्या.

"झाला व्यायाम?"

"झाला. आज जरा जास्तच घेतला त्यांनी. टीव्ही का बंद केलात?"

"रोजच करते गं. तू गेलीस की हे खिडकीकडे बोट दाखवतात, मी खुर्ची फिरवून देते. तू जिन्याकडे वळलीस की परत टीव्हीसमोर." वहिनी दारात थांबल्या. "आज मात्र ऐकेनात. चाकच धरून बसलेत."

वहिनी गेल्या. तो खिडकीशी बसला होता. पडदा दोन बोटं सरकवलेला होता आणि त्यातून खालचं मैदान सगळं दिसत होतं, चारही रेषांसकट.

ती त्याच्या पायाशी बसली. "अहो, मी सांगणारच होते तुम्हाला. तुम्ही इथे असे, आणि मी खाली..."

त्याने मान हलवली. ते नव्हतं म्हणायचं त्याला. ओठ वाकडे झाले, गळ्याची शीर फुगली. रोज घोटून घेतलेला 'पाणी' हा शब्दसुद्धा अजून त्याच्या तोंडून आला नव्हता.

"रे... षे..."

ती पुढे झुकली.

"रेषे...वर."

तिने त्याचा हात घट्ट धरला. रडावं की हसावं ते तिला कळेना. त्याने तो हात हळूच सोडवून घेतला आणि दाराकडे बोट दाखवलं.

"रेषेवर," तो पुन्हा म्हणाला, या वेळी बराच नीट.

खाली बाकावर मुख्याध्यापिका बाई अजून बुटांच्या नाड्या सोडत होत्या.